दुसरं नाक

इशबेल गेल्यापासून इमरींच्या घरात बिअर झाली नव्हती. ती एप्रिलमध्ये गेली, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कुणाला विषय काढायचंही सुचलं नाही. यंदा मात्र तिच्या नवऱ्याने, वॉटी इमरींनी, महिनाभर आधीच सगळ्यांना फोन करून सांगून टाकलं, की नोव्हेंबरचा दुसरा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार. हॉगमनेला, वर्षाच्या शेवटच्या रात्री, ज्याला घरची एल, म्हणजे ही बिअर, प्यायची असेल त्याने सकाळी नऊला मागच्या दारी हजर व्हावं. त्यांचं यीस्ट थंडीतच खुलायचं आणि सावकाश, आपल्या चालीने काम करायचं, म्हणून इतक्या आधीचा मुहूर्त. एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने असा हुकूम सोडला की घरचे हसायचे आणि यायचे. या वेळी आले सगळे, पण हसलं कुणी नाही.

कारण त्याच आठवड्यात गॅसचा प्रकार झाला होता. शेजारच्या बॅक्स्टरबाई काहीतरी द्यायला म्हणून आल्या तर त्यांना दारातच गॅसचा भपकारा आला. आत जाऊन बघतात तो शेगडीचा खटका उघडा, ज्योत नाही, आणि शेगडीपासून चार पावलांवर वॉटी पेपर वाचत बसलेले. सर्दी झालीय, असं त्यांनी सांगितलं. ॲबर्डीनला राहणाऱ्या गॉर्डनने, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलाने, फोनवर तासभर वाद घातला. आल्व्हा गावी म्हाताऱ्या माणसांसाठीच्या इमारतीत एक फ्लॅट रिकामा झाला होता. खाली देखरेखीला बाई असते, स्वयंपाकाला वीज असते, गॅस नसतो. होय की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं, नाहीतर फ्लॅट यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होता. वॉटी त्याला शेवटी म्हणाले, "छत्तीस वर्षं मी ब्रुअरीत नाकावर पोट भरलंय. शनिवारी यीस्टची बरणी उघडेन तेव्हा बघ. नाक चुकलं तर त्या फ्लॅटच्या कागदावर मीच सही करतो. नाही चुकलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." गॉर्डन कबूल झाला. बोलून चालून दोघंही इमरी.

एल्स्पेथ साडेसातलाच आली. ती मोठी मुलगी, तीन गल्ल्या पलीकडे राहणारी, आणि जवळ राहते या एकाच गुन्ह्यासाठी गेलं दीड वर्ष सकाळच्या गोळ्या, संध्याकाळचं जेवण, चादरी, डॉक्टर, पायांची नखं हे सगळं तिच्याकडे आलेलं. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांची भांडी उपसायची आणि शनिवार-रविवारी इथलं. तिचा उजवा गुडघा आताशा जिन्यावर कुरकुरायचा. आई हॉस्पिटलात असताना तिचा हात धरून म्हणाली होती, बाबांना घरातून हलवू नकोस, आणि एल्स्पेथने मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं.

खिडकीत बरणी आधीच मांडलेली होती. फ्रिजमधून काढून, जागी व्हावी म्हणून. जाड काचेची मोठी बरणी. बावीस वर्षांपूर्वी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा तो कारखाना, बंद झाली त्या दिवशी वॉटींनी जेवणाच्या डब्यातून यीस्ट घरी आणलं, आणि तेव्हापासून ते या बरणीत जिवंत ठेवलेलं, विरजणातून विरजण ठेवावं तसं. दर बिअरच्या तळाचं थोडं यीस्ट पुन्हा बरणीत, आणि मधल्या काळात दर दोन महिन्यांनी त्याला उकळून गार केलेलं जवाचं गोड पाणी. हे पाणी घालायचं काम इशबेलचं होतं. मग ते एल्स्पेथकडे आलं. आज तिने ती उजेडाकडे फिरवून पाहिली. इस्टरनंतर तिने त्यात काही घातलंच नव्हतं. तळाशी सायीच्या रंगाचा थर असायचा, तो आता चहाच्या रंगाचा झाला होता.

तिला त्या बरणीचं प्रेम कधीच नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी बाबा कामावरून आले की त्यांच्या कोटाला यीस्टचा वास यायचा, ताजा, ओल्या पावाचा, आंबट सफरचंदाचा. गॉर्डन बापाला बिलगायचा आणि ही दारातच नाक मुरडून "शी" म्हणायची. पुढे बरणी उघडायची वेळ झाली की ती काहीतरी निमित्त काढून अंगणात जायची. आज जाता येणार नव्हतं.

कारण दुसरं नाक. ब्रुअरीत कुणीही एकट्याच्या नाकावर यीस्ट पास करत नसे. एकाने वास घ्यायचा, काही न बोलता डबा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि दुसऱ्याने हो किंवा नाही म्हणायचं. एकाला सर्दी असेल, एकाने आदल्या रात्री जास्त चढवलेली असेल, एकाचं घरी भांडण झालेलं असेल. दोघांचं एकमत झालं तरच यीस्ट टाकीत. घरी हे दुसरं नाक नेहमी इशबेलचं असायचं. आता ते कुणाचं, हे एल्स्पेथला कुणी विचारलं नव्हतं. वॉटींनी फोनवर नुसतं सांगितलं होतं, "आईच्या जागी तू."

व्हारी ग्लासगोहून पोती, पिशव्या आणि उत्साह घेऊन आली, तेव्हा मागच्या ओट्यावर मोठं पातेलं चढलं होतं. एल्स्पेथची ही एकुलती मुलगी चोवीस वर्षांची, एका पबच्या स्वयंपाकघरात कामाला, आणि आजोबांची बिअर पुढे चालवणारी घरात तीच एक. यंदाची एल कशी करायची यावर तिने आठवडाभर मनात भांडणाची तयारी केली होती. तिला फिकट रंगाची, भरपूर हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वाळकी फुलं, घातलेली एल करायची होती, अमेरिकन हॉप्सची, जिच्या वासाने खोली भरते. यीस्ट आजोबांचं, हॉप्स तिचे. आजोबांच्या लेखी हॉप्स म्हणजे गवत. चांगल्या एलमध्ये जव बोलला पाहिजे, असं ते जन्मभर म्हणत आले होते, आणि हॉप्सची पिशवी दिसली की, ही ससे पाळायची तयारी का, असं विचारायचे.

पण भांडण झालंच नाही. जव गरम पाण्यात तासभर मुरले, गोड पाणी गाळून पातेल्यात आलं, उकळी फुटली आणि व्हारीने कडूपणासाठीचे पहिले हॉप्स टाकले. आजोबा गप्प. शेवटच्या दहा मिनिटांत वासासाठीचे हॉप्स टाकायचे होते. तिने घाबरत घाबरत एक मूठ टाकली. वॉटींनी वाफेत तोंड घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "अजून."

तिने अजून टाकले. ओट्यावर संत्र्याच्या सालीचा आणि पाइनच्या चिकाचा असा घमघमाट सुटला, की पलीकडच्या कुंपणावरून बॅक्स्टरबाईंनी काय शिजतंय म्हणून विचारलं. वॉटींनी पुन्हा वाफेत तोंड घातलं.

"अजून टाक."

"आजोबा, एवढ्यात पुढच्या वर्षीचीही होईल."

"टाक गं. हात आखडू नकोस."

व्हारीने अख्खी पिशवी रिकामी केली. ती इतकी खूश झाली की आजोबा बदलले, असं तिने लॉर्नामामीला दोनदा सांगितलं. लॉर्ना, गॉर्डनची बायको, दारात उभी राहून आल्याचा केक कापत होती. या घरात पंचवीस वर्षं सून असूनही ती कधी मध्ये बोलत नसे, त्यामुळे तिला बरंच दिसायचं. "माणसं या वयात बदलत नाहीत गं," ती नुसती एवढंच म्हणाली आणि केक आत घेऊन गेली. व्हारीला ते जरा लागलं. तिने जॅकेटच्या खिशात हात घातला. खिशात दुकानातून आणलेलं यीस्टचं पाकीट होतं, स्कॉटिश एलचंच, ओलं. सोबत असावं म्हणून आणलेलं आणि आजोबांना कधीच दाखवायचं नाही असं ठरवलेलं. ते जागेवर होतं.

पातेलं गार होईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. गॉर्डन मागच्या पायरीवर बसला होता. समोर ऑकिलच्या डोंगरांवर पहिला बर्फ भुरभुरला होता आणि अंगणात आईच्या वेळची कपड्यांची दोरी तशीच होती. एल्स्पेथ शेजारी येऊन बसली, तेव्हा त्याने तिचे हात पाहिले. भांड्यांच्या पाण्याने लाल झालेले, बोटांच्या सांध्यांवर चिरा. हे हात कधी असे झाले ते त्याला आठवेना. वर्षातून चारदा येणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी एकदम दिसतात आणि मग तो त्या कुणाच्या तरी अंगावर ओततो.

त्याने त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगितल्या. फोन वाजला की छातीत धस्स होतं, मीटिंगमधून उठून जावं लागतं, लॉर्ना रात्री दोनदा विचारते की फोन जवळ ठेवलास ना. एल्स्पेथने बाबांची बाजू घेतली. ते अजून स्वतःचं सूप स्वतः करतात, बुटांच्या नाड्या स्वतः बांधतात, बाजारातली सगळी माणसं ओळखतात. एक खटका राहिला म्हणून माणसाला उचलून आल्व्हाला ठेवायचं का?

"तुला काय हवंय?" गॉर्डनने मध्येच विचारलं.

"म्हणजे?"

"बाबांना काय हवंय ते मला माहीत आहे. आईला काय हवं होतं तेही. तुला काय हवंय?"

एल्स्पेथने दोरीकडे बघितलं. तिला रविवारी दहापर्यंत झोपायचं होतं. कुणाच्या गोळ्या न मोजता एक आठवडा काढायचा होता. सोमवारपर्यंत उत्तर मागणारं ते फ्लॅटचं पत्र आलं तेव्हा तिला जे वाटलं होतं, ते सुटल्यासारखं होतं, आणि पाठोपाठ स्वतःची इतकी लाज वाटली की तिने पत्र ब्रेडच्या डब्याखाली सरकवलं. हे सगळं भावाला सांगितलं तर तो लगेच उठून ते आत जाऊन सांगेल, तिचं नाव घेऊन.

"पातेलं गार झालं असेल," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

गॉर्डन बसून राहिला. बहिणीच्या भल्यासाठी आपण भांडतोय आणि तीच विरुद्ध बाजूला उभी आहे, हे त्याला फार कंटाळवाणं वाटलं. आज म्हातारा जिंकला तर जिंकू दे, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

गार झालेलं गोड पाणी मोठ्या झाकणाच्या बादलीत ओतून झालं. बादली मागच्या पडवीत जाणार होती, जिथे हिवाळाभर ना फार गार ना ऊबदार असं असतं. आता फक्त यीस्ट. सगळे स्वयंपाकघरात जमले. वॉटींनी हात धुतले, कोरडे केले, चष्मा काढून ठेवला. ब्रुअरीत ते असंच करायचे. वास घेताना डोळे नसले तर बरे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी बरणीचं झाकण फिरवलं. नाक बरणीच्या तोंडाशी नेलं. एक लांब श्वास, मग दोन आखूड. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मग त्यांनी मान हलवली, सावकाश, समाधानाने, आणि काही न बोलता बरणी एल्स्पेथच्या हातात दिली.

तिला नाक जवळ न्यावंच लागलं नाही. जळक्या रबराचा आणि चार दिवसांच्या शिळ्या रश्श्याचा दर्प बरणीतून वर आला आणि तिच्या घशाला लागला. यीस्ट मेलेलं होतं. नुसतं मेलेलं नाही, सडलेलं. आणि छत्तीस वर्षं नाकावर पोट भरलेला माणूस समोर उभा राहून मान हलवत होता.

सगळं तिला एकदमच कळलं. गॅस. सर्दी. वाफेत घातलेलं तोंड आणि अजून टाक, अजून टाक. नाही म्हटलं तर बाबा आत्ता, या क्षणी, गॉर्डनसमोर हरतात. आणि बरणीला इस्टरपासून उपाशी ठेवलं कुणी, हेही मग निघणारच. आपण बापाला झाकतोय की स्वतःला, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि नंतर किती दिवस विचार करूनही कळलं नाही. तिने चेहरा सरळ ठेवला. दीड वर्षात ही एक गोष्ट ती चांगली शिकली होती.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली.

व्हारीने सुस्कारा सोडला. गॉर्डनने दोन्ही हात वर केले आणि ठीक आहे, मी सोमवारी नाही म्हणून कळवतो, असं जरा हसूनच म्हणाला. एल्स्पेथने झाकण घाईने लावलं. पण वॉटींनी बरणी परत घेतली नाही. ते मुलीकडे बघत होते. चष्म्याशिवाय त्यांना तिचा चेहरा कितपत दिसत होता कोण जाणे.

"छान?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पुन्हा घे वास."

"घेतला ना. छान आहे. पाव आणि सफरचंद."

 मग त्यांनी तिच्या हातून बरणी काढून घेतली, बेसिनपाशी गेले, झाकण उघडलं आणि बरणी उलटी केली. बावीस वर्षांचं यीस्ट एका घळघळाटात बेसिनच्या नळीतून गेलं. दर्प खोलीभर पसरला. व्हारीने बाही नाकावर धरली आणि लॉर्नाने खिडकी उघडली. गॉर्डन वडिलांकडे बघत राहिला, मग बहिणीकडे.

"ही तीन वर्षांची होती," वॉटी नळ सोडत म्हणाले, "तेव्हापासून माझ्या कोटाला शी म्हणत आलीय. चांगल्यातलं चांगलं यीस्ट असलं तरी शी. माझ्या निरोपाच्या दिवशी सुद्धा. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती छान म्हणाली, तेव्हाच मी समजलो." त्यांनी बरणी विसळली. "मला वास येत नाही. इशबेल होती तेव्हापासून येत नाही. तिला माहीत होतं. शेवटच्या तीन बिअर तिच्या एकटीच्या नाकावर झाल्या."

"आम्हाला सांगायचं होतं, बाबा," गॉर्डन म्हणाला. आवाजात जिंकल्याचं काहीच नव्हतं.

"सांगून काय करणार होतास? आज जे करतोयस तेच, चार वर्षं आधी."

 लॉर्नाने गॉर्डनच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खुर्चीत बसवलं. व्हारी रडत होती, बरणीसाठी की आजोबांसाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मी इस्टरपासून तिला काही घातलं नाही, बाबा," एल्स्पेथ म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आईने सांगितलं होतं मला. विसरले. मग आठवलं तेव्हा इतके दिवस झाले होते, की बघायची हिंमत झाली नाही."

"आईने मलाही सांगितलं होतं. फ्रिज माझ्याच घरात आहे."

"तरी पण."

"एल्स्पेथ." त्यांनी हात पुसले, चष्मा चढवला आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "माझ्यासाठी खोटं बोललीस त्याचं मला काही नाही. पण तुझा चेहरा इतका सरळ कसा राहिला? लहानपणी तुला बिस्किट चोरल्याचंही लपवता यायचं नाही. केव्हापासून असा चेहरा करतेस माझ्यासमोर?"

तिने टेबलावरचे केकचे कण हाताने गोळा केले.

"दमलीस?"

सगळे तिच्याकडे बघत होते. भाऊ, भावजय, मुलगी. आई नव्हती. एल्स्पेथने टेबलाची कड धरली.

"हो," ती म्हणाली. "फार दमलेय, बाबा. फार."

तिचा आवाज चढला नाही, फुटला नाही. बाई दुकानात वजन सांगते तसं सांगितलं. पण घरात हे वाक्य दीड वर्षात कुणी ऐकलं नव्हतं आणि ते ऐकताच गॉर्डनने मान खाली घातली.

वॉटींनी मान हलवली. मघाशी बरणीवर हलवली होती तशी नव्हे. "पत्र ब्रेडच्या डब्याखाली आहे," ते गॉर्डनला म्हणाले. "मला माहीत आहे कुठे आहे ते. काढ. पेन दे."

"बाबा, आजच्या आज नको," एल्स्पेथ म्हणाली. "मी आईला शब्द दिलाय."

"तू दिलास. मी नाही दिला." त्यांनी सही केली, सावकाश, संपूर्ण नाव लिहून. मग कागद तिच्याकडे न बघता गॉर्डनकडे सरकवला. "नाक चुकलं तर सही, असं मीच बोललो होतो. शब्दाचं म्हणत असशील तर तोही आहे."

 बादलीतलं गोड पाणी तसंच पडलं होतं, तपकिरी, हॉप्सच्या वासाने भरलेलं. त्यात आता यीस्ट गेलं नाही तर ते उद्यापर्यंत नासणार होतं.

"व्हारी," वॉटी म्हणाले, "तुझ्या खिशात काय आहे?"

व्हारी लाल झाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळपासून दर दहा मिनिटांनी तिथे हात जातोय. दे इकडे."

तिने पाकीट काढलं. स्कॉटिश एलचंच आहे, आजोबा, दुकानातलं असलं तरी त्याच जातीचं, थंडीत चालणारं, असं ती घाईघाईने सांगू लागली. त्यांनी तिला थांबवलं नाही, पण ऐकलंही नसावं. कात्रीने पाकिटाचा कोपरा कापला. सवयीने ते स्वतःच्या नाकाशी नेलं, एक लांब श्वास घेतला, दोन आखूड घेतले. मग हात लांब करून पाकीट मुलीच्या नाकाखाली धरलं.

"दुसरं नाक," ते म्हणाले.

एल्स्पेथने वास घेतला. ओला पाव, आंबट सफरचंद, आणि पाठीमागे बाबांचा तो कामावरचा कोट. तिचं नाक आपोआप वर गेलं, ओठ वाकडा झाला आणि डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही.

"शी," ती म्हणाली.

"चांगलं आहे," वॉटी व्हारीला म्हणाले. "ओत."